कोंबडीला न मारणारा जंतू

कोंबडीपालनातल्या रोगांचा इतिहास आपण आजवर मेलेल्या कोंबड्या मोजून लिहिला आहे. गोंदिया शहराजवळच्या मुर्रीसारख्या गावात अंगणात चार गावरान कोंबड्या बाळगणाऱ्या बाईला मानमोडी ओळखायला कोणी शिकवावे लागत नाही. पक्ष्याची मान पिळवटते, हिरवट पातळ विष्ठा पडते आणि दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे होते. पिल्लांची पांढरी हगवण, रक्ती हगवण, देवी हे रोगही तिला ठाऊक असतात, कारण त्यांचा तोटा थेट तिच्याच पदरात पडतो. असा तोटा करणाऱ्या रोगांवर लस निघाली, प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, सरकारी आदेश निघाले आणि नुकसानभरपाईही ठरली. पण कोंबडीच्या आतड्यात सुखाने राहणारे काही जंतू असे आहेत की त्यांनी कोंबडी मरत नाही, तिचे वजन घटत नाही, अंडीही कमी होत नाहीत. त्रास होतो तो खाणाऱ्याला, मांस कापणाऱ्याला किंवा त्या विष्ठेने दूषित झालेले पाणी पिणाऱ्याला. या जंतूंचा तोटा पाळणाऱ्याच्या वहीत दिसत नाही, म्हणून त्यांच्या बंदोबस्ताला कोणी धनी मिळाला नाही. गेल्या शंभर वर्षांची हीच खरी गोष्ट आहे, आणि २०२५ च्या जानेवारीत पुण्यात जे घडले त्याचा अर्थही तिच्याशिवाय नीट लागत नाही.

आधी तोटा करणाऱ्या रोगांचे पाहू. मानमोडी १९२६ मध्ये इंग्लंडातल्या न्यूकॅसलजवळ आणि जावा बेटावर नोंदली गेली. पाठोपाठ ती कुमाऊंतल्या रानीखेतला आढळली आणि भारतात तिला त्याच गावाचे नाव चिकटले. १९४० च्या दशकात मुक्तेश्वरच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत तयार झालेला लसीचा वाण देशभर वापरात आला. पांढऱ्या हगवणीची कथा त्याहून जुनी आहे. लिओ रेटगर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९०० च्या सुमारास तिचा जंतू शोधला. तो साल्मोनेला कुळातला निघाला आणि आजारातून वाचलेल्या कोंबडीच्या अंड्यातून पुढच्या पिढीत उतरत असल्याचे स्पष्ट झाले. उपाय सरळ होता: अंड्यांसाठी ठेवलेल्या मातृकळपातल्या प्रत्येक कोंबडीचे रक्त तपासायचे आणि दोषी पक्षी काढून टाकायचे. अमेरिकेने १९३५ मध्ये यासाठी राष्ट्रीय योजनाच आखली आणि काही दशकांत तिथल्या व्यापारी कळपांतून हा रोग जवळपास नाहीसा झाला. फार्मवरच्या जंतूला हटवता येत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. हटवता येतो, फक्त त्यात कोणाचा तरी पैसा बुडत असावा लागतो.

पुढे जे घडले ते अधिक बोलके आहे. १९८० च्या दशकात अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर साल्मोनेला एन्टेरायटिडिस हा त्याच कुळातला दुसरा जंतू अंड्यांतून पसरू लागला. तो कोंबडीच्या अंडाशयात शिरतो, कवच तयार होण्याआधीच अंड्यात पोचतो, आणि कोंबडी मात्र धडधाकट असते. आन्द्रेआस बॉयम्लर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये असे अनुमान मांडले की कोंबडीला मारणारे जुने साल्मोनेला हटवल्यामुळे त्यांच्याविरुद्धची कळपातली प्रतिकारशक्तीही ओसरली आणि रिकाम्या झालेल्या जागेत हा निरुपद्रवी दिसणारा भाऊबंद शिरला. हे अनुमानच आहे, पण त्यातून व्यवस्थेची नजर कुठे होती ते कळते. ३ डिसेंबर १९८८ रोजी ब्रिटनच्या कनिष्ठ आरोग्यमंत्री एडविना करी यांनी देशातल्या बहुतेक अंडी-उत्पादनात साल्मोनेला शिरल्याचे जाहीर विधान केले. अंड्यांची विक्री कोसळली, उत्पादक खवळले आणि दोन आठवड्यांच्या आत करी यांना राजीनामा द्यावा लागला. विधान अतिशयोक्त होते, धोका मात्र खरा होता. १९९८ पासून तिथल्या उत्पादकांनी सिंहाच्या शिक्क्याची योजना राबवून कळपांना साल्मोनेलाविरुद्ध लस टोचायला सुरुवात केली. जी लस कोंबडीला वाचवण्यासाठी नव्हे, तर माणसाला वाचवण्यासाठी होती, तिचे फळ २०१७ मध्ये दिसले. त्या शिक्क्याची अंडी गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांनी अर्धकच्ची खाल्ली तरी चालेल, असा निर्वाळा तिथल्या अन्न मानक संस्थेने दिला.

महाराष्ट्रात याच काळात कोंबडी अंगणातून शेडमध्ये गेली. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुढे पुणे हे या उद्योगाचे मोठे केंद्र बनले. १९८२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली आणि अंड्याचा दर दलालाऐवजी उत्पादकांनी ठरवायची पद्धत आली. ब्रॉयलरमध्ये पुढे करारपद्धत रुजली. कंपनी पिल्ले, खाद्य आणि औषधे देते. शेतकरी शेड, पाणी, वीज आणि मजुरी घालतो. सुमारे सहा आठवड्यांत पक्षी दोन किलोंच्या आसपास गेला की गाडी येते आणि किलोमागे ठरलेला मोबदला हाती पडतो. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून अधिक आणि महाराष्ट्रात सुमारे ७ कोटी ४३ लाख कुक्कुटपक्षी मोजले गेले. पूर्व विदर्भाचा धानपट्टाही या साखळीबाहेर नाही. राइस मिलमधला कोंडा पक्ष्यांच्या खाद्यात जातो आणि धानाचे तूस शेडमध्ये पिल्लांच्या पायाखाली अंथरले जाते. या धंद्याचा हिशेब दोन आकड्यांवर चालतो: मरतूक किती झाली, आणि एक किलो वजनासाठी किती खाद्य लागले. या दोन रकान्यांत जे उतरते त्याला औषध मिळते. पक्षी न मारणारा आणि वजन न घटवणारा जंतू तिसऱ्या रकान्यातला, आणि तो रकाना हिशेबाच्या वहीत आखलेलाच नाही.

याच्या उलट टोकाला नवापूर आहे. १८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आढळल्याचे जाहीर झाले. भारतातला हा पहिलाच उद्रेक होता आणि निदान भोपाळच्या अतिसुरक्षित प्रयोगशाळेने केले होते. काही दिवसांत बाधित परिसरातले लाखो पक्षी मारून पुरले गेले, अंडी नष्ट झाली, देशभर चिकनचे भाव कोसळले आणि नवापूरचा धंदा बसला. २०२१ च्या सुरुवातीला परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला आणि नंतर पुन्हा नवापूरला तीच वेळ आली. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने दगावले. या प्रत्येक वेळी प्रशासन धावले आणि ते योग्यच होते. परंतु नवापूरच्या २००६ च्या उद्रेकात माणसाला लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही. जो रोग पक्ष्यांचा सडा पाडतो त्याच्यासाठी आदेश, अंतराची वर्तुळे आणि भरपाई तयार असते. जो गुपचूप माणसांना आजारी पाडतो त्याच्यासाठी यांपैकी काहीच तयार नसते. कॅम्पिलोबॅक्टर हा त्या दुसऱ्या प्रकारातला म्होरक्या आहे.

या जंतूची ओळख विज्ञानालाही उशिराच पटली. १८८६ मध्ये म्युनिकला थिओडोर एशरिख यांनी जुलाबाने दगावलेल्या बाळांच्या आतड्यात नागमोडी जंतू पाहिले होते, पण ते वाढवता येईनात. त्यांना प्राणवायू कमी लागतो आणि ऊब जास्त; प्रयोगशाळेच्या नेहमीच्या तबकडीवर ते उगवत नाहीत. १९७२ मध्ये ब्रुसेल्सच्या संशोधकांनी माणसाच्या विष्ठेतून ते गाळून वेगळे केले. १९७७ मध्ये इंग्लंडातल्या वूस्टरचे डॉक्टर मार्टिन स्किरो यांनी प्रतिजैविके घातलेले खास माध्यम वापरले, तबकड्या ४३ अंशांच्या आसपास ठेवल्या आणि जुलाबाच्या सुमारे सात टक्के रुग्णांत हा जंतू दाखवला. त्याच लेखात त्यांनी कोंबडीकडे बोट दाखवले होते. तापमानाचा हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश असते आणि तिचे आतडे या जंतूला जणू घरच. पिल्लू दोन-तीन आठवड्यांचे झाले की दूषित पाणी, बुटांना लागलेली घाण, माश्या यांतून लागण होते आणि मग काही दिवसांत सारी शेड बाधित होते. पक्षी मात्र खातो, पितो, वाढतो. कत्तलीच्या वेळी आतडे फाटले, पिसे काढण्यासाठी एकाच कोमट पाण्यात पक्ष्यामागून पक्षी बुडवले, की जंतू कातडीवर पसरतात. १९८१ मध्ये एका ब्रिटिश डॉक्टरने दुधातून अवघे ५०० जंतू स्वतः घेऊन आजार ओढवून घेतला होता. एवढा थोडा डोस पुरतो.

बहुतेकांना आठवडाभर ताप, पोटदुखी, जुलाब होतात आणि माणूस बरा होतो. पण अंदाजे हजारात एका रुग्णाची गोष्ट तिथे संपत नाही. गियाँ, बारे आणि स्त्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी १९१६ मध्ये वर्णन केलेला मज्जातंतूंचा विकार, म्हणजे आज आपण जीबीएस म्हणतो तो, जुलाबानंतर दोन-तीन आठवड्यांनी डोके वर काढतो. १९८२ मध्ये ब्रिटनमधून कॅम्पिलोबॅक्टरनंतर जीबीएस झाल्याची पहिली नोंद आली आणि १९९० च्या दशकात जपानच्या नोबुहिरो युकी यांच्या कामाने त्यामागची यंत्रणा उलगडली. जंतूच्या आवरणावरचे काही रेणू माणसाच्या मज्जातंतूवरच्या रेणूंशी इतके मिळतेजुळते असतात की जंतूला मारायला निघालेली प्रतिपिंडे स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटतात. पाय लुळे पडतात, हात जातात, आणि वेळ आली तर श्वासासाठी व्हेंटिलेटर लागतो. कोंबडीच्या पोटातला बिनधास्त पाहुणा माणसाला पांगळे करू शकतो, हे आता वादातीत आहे.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे रुग्ण एकामागून एक दाखल होऊ लागले. नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी, नांदोशी ही नावे रोज बातम्यांत येऊ लागली. यांतली बरीच गावे २०२१ मध्ये महापालिकेत आली होती, पण शुद्धीकरणाची पुरी यंत्रणा त्यांच्या वाट्याला आली नव्हती. राज्यभरातल्या संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला आणि काहींचा मृत्यू झाला. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने तपासलेल्या विष्ठेच्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी आणि काहींत नोरोव्हायरस सापडला. बोट आधी नांदेडगावच्या विहिरीकडे वळले, मग खडकवासला परिसरातल्या पोल्ट्री फार्मांकडे. पशुसंवर्धन विभागाने तिथले नमुने घेतले. फेब्रुवारीत तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि पुण्याचे पालकमंत्री अजित पवार यांनी कोंबड्या मारण्याची गरज नाही, चिकन नीट शिजवून खावे, असे सांगितले. त्यानंतर साथ ओसरली आणि प्रश्नही ओसरला.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. पुण्याच्या साथीला कोंबडी कारणीभूत होती हे सिद्ध झाले का? नाही. अधिक संशय पाण्यावर होता, आणि पाण्यात हा जंतू माणसाच्या मैल्यातून, गुरांच्या शेणातून, रानपक्ष्यांतूनही येऊ शकतो. म्हणून फार्मवाल्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे ठरले असते. पण हा आक्षेप माझ्या मुद्द्याला छेद देण्याऐवजी बळकटी देतो. साथ सुरू झाल्यावर फार्मवरचे नमुने गोळा करून कार्यकारण लावणे कठीणच असते. त्या परिसरातल्या फार्मांत, चिकनच्या दुकानांत आणि विहिरींत या जंतूचे कोणते वाण फिरतात याची आधीची नियमित नोंद असती, तर रुग्णांच्या वाणांशी ताडून पाहता आले असते. तेव्हा कोंबडी दोषी ठरली असती किंवा सुटली असती. नोंद नसल्यामुळे ती दोषीही ठरली नाही आणि सुटलीही नाही. फक्त संशय उरला, आणि संशयाने गिऱ्हाईक पळते. नवापूरने हे २००६ मध्ये भोगले होते.

दुसरा प्रश्न असा, की साखळीत फार्म आणि कत्तलखान्यावर बंदोबस्त केला तर माणसांतला आजार खरोखर कमी होतो का? याला इतिहासाने दोन नामी उत्तरे दिली आहेत. १९९९ च्या जूनमध्ये खाद्यात डायॉक्सिन हे विष मिसळल्याचे उघड झाल्यामुळे बेल्जियमने देशी कोंबडी आणि अंडी बाजारातून काढून घेतली. कारण सर्वस्वी वेगळे होते, पण त्या आठवड्यांत कॅम्पिलोबॅक्टरचे रुग्ण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. कोंबडी परतली तसा आजारही परतला. दुसरे उत्तर न्यूझीलंडचे. २००६ मध्ये जेमतेम ४० लाखांच्या त्या देशात या जंतूचे १५,८७३ रुग्ण नोंदले गेले, जगातल्या सर्वांत वरच्या दरांपैकी एक. मग सरकारने पोल्ट्री कत्तलखान्यांना पक्ष्यांचे नमुने घेऊन त्यांवरच्या जंतूंची मोजणी आणि त्याची कमाल मर्यादा बंधनकारक केली. २००८ पर्यंत रुग्ण निम्म्यावर आले. पुढे संशोधकांनी इस्पितळांच्या नोंदी तपासल्या तेव्हा जीबीएसचे प्रमाणही १३ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. त्यासाठी कोणी कोंबडी खाणे सोडले नव्हते. बदलले होते ते कत्तलखान्यातले मोजमाप.

तिसरा आक्षेप आपल्या स्वयंपाकघरातून येतो. युरोपात अर्धकच्चे खातात. आमच्याकडे सावजी रस्सा तासभर रटरटतो, त्यात जंतू उरेलच कसा? रश्श्यात उरत नाही, हे अगदी खरे. पण जंतू रश्श्यापर्यंत पोचण्याआधीच बाहेर पडलेला असतो. दुकानातल्या लाकडी ठोकळ्यावर, मापाच्या तराजूवर, कापणाऱ्याच्या हातावर, घरी नळाखाली कच्चे मांस धुताना उडणाऱ्या शिंतोड्यांवर तो असतो. त्याच विळीवर पुढे कोथिंबीर आणि कांदा चिरला जातो, आणि ते कच्चेच पानात येतात. लहान मुलांना आजार या वाटेनेही गाठू शकतो. शेडमधले तूस खत म्हणून शेतात जाते, तिथून पावसाच्या पाण्याबरोबर विहिरीत उतरते, आणि ते पाणी शाकाहारी घरातही प्यायले जाते. शिजवणे हा शेवटचा बांध आहे. तो भक्कम आहे म्हणून वरचे सगळे बांध फोडून ठेवायचे, हे शहाणपण नव्हे.

औषधांच्या बाबतीत तर शिजवण्याचा बचावही तोकडा पडतो. मरतूक टाळण्यासाठी आणि वजन वाढवण्यासाठी खाद्या-पाण्यातून प्रतिजैविके देण्याची सवय या धंद्याला दशकानुदशके होती. कोलिस्टिन हे माणसाच्या इस्पितळात शेवटचे हत्यार म्हणून राखलेले औषधही कोंबड्यांना दिले जात होते. २०१५ मध्ये चीनमधून त्या औषधाला दाद न देणारे आणि एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारे जनुक सापडल्याची बातमी आली. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये खाद्य-प्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. बंदी योग्य होती, पण ती नेमकी काय सांगते ते पाहा. जिथे धोका कोंबडीला नव्हता, फक्त माणसाला होता, तिथे परदेशात जनुक सापडेपर्यंत आपण थांबलो.

शेवटचा आक्षेप खर्चाचा. करारावर दोन हजार पक्षी सांभाळणारा शेतकरी प्रयोगशाळा कुठून आणणार? त्याने आणूही नये. न्यूझीलंडमध्ये तपासणीचा भार शेतकऱ्यावर नव्हे, कत्तलखान्यावर पडला होता. आपल्याकडे तो पिल्ले, खाद्य आणि औषध पुरवून नफ्याचा मोठा वाटा घेणाऱ्या कंपनीवर आणि अन्नसुरक्षा आणि मानके कायदा २०११ पासून राबवणाऱ्या सरकारवर पडायला हवा. शेतकऱ्याकडून अपेक्षित गोष्टी स्वस्त आहेत: शेडच्या दाराशी वेगळे बूट, पिण्याच्या पाण्यात क्लोरीन, सगळे पक्षी एकदमच भरणे आणि एकदमच उचलणे, दोन तुकड्यांमध्ये शेड रिकामी ठेवून वाळवणे. कॅम्पिलोबॅक्टर कोरडेपणात फार तग धरत नाही. कोरडे तूस हे त्याच्याविरुद्धचे सर्वांत स्वस्त हत्यार आहे आणि गोंदिया जिल्ह्यात त्याची वाण नाही. दुकानदाराकडून अपेक्षित ते त्याहून सोपे: पिसे काढायच्या पाण्याची वारंवार बदली, लाकडी ठोकळ्याऐवजी धुता येईल असा पृष्ठभाग, आतडी काढायची जागा वेगळी.

विदर्भाला यासाठी पुण्यामुंबईकडे पाहण्याची गरज नाही. नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ पासून काम करते, २००० पासून पशु आणि मत्स्य विज्ञान विद्यापीठ तिथेच आहे, डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी नागपुरातच झाली, आणि गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पशूंचा डॉक्टर आणि माणसांचा डॉक्टर यांनी एकाच जंतूची नोंद एका ठिकाणी ठेवायची, एवढीच मागणी आहे. मुर्रीच्या ग्रामपंचायतीने, गोंदियाच्या नगरपरिषदेने आणि जिल्ह्याच्या पशुसंवर्धन विभागाने गावातली चिकनची दुकाने, फार्म आणि विहिरी यांचे नमुने वर्षातून ठरलेल्या वेळी घ्यावेत, साथ आल्यावर नव्हे, आणि निकाल चावडीवर लावावेत. मेलेल्या कोंबडीची नोंद आपण शंभर वर्षे चोख ठेवली. आता जिवंत आणि धडधाकट कोंबडीच्या पोटात काय आहे, त्याचीही ठेवायला लागू या.